ऐकू येतं, पण समजत नाही

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही केंद्राची योजना दिल्लीत सुरू झाली नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तिचा शुभारंभ झाला तो पालघरमध्ये, सोनिया गांधी यांच्या हस्ते. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ ऑगस्ट २०१४ उजाडायचा होता. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधली व्यंगं, आजार, कमतरता आणि वाढीतले अडथळे वेळेत हेरायचे, हे या कार्यक्रमाचं काम. अशा तीस गोष्टींची यादी तेव्हा ठरली. जन्मजात बहिरेपणा त्या यादीत आहे. मुलांचे कान तपासले पाहिजेत, हे देशाने जाहीरपणे मान्य केलं ते आपल्या दारात येऊन.

श्रोतेहो, त्याच जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या शहरात आपण बसलो आहोत. चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र येऊन ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती बारा लाखांच्या वर होती आणि त्यानंतर नालासोपारा-विरारला किती इमारती उभ्या राहिल्या, हे आपण रोज खिडकीतून पाहतो. या सभागृहात चष्मा लावलेले किती आहेत, हे मागे वळून पाहिलं की कळतं. पण ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कानाची रीतसर तपासणी करून घेतली आहे आणि तिचा कागद घरी फायलीत ठेवला आहे, त्यांना हात वर करायला सांगितलं तर फार थोडे हात वर येतील. डोळ्यांचा नंबर वाढला की माणूस त्याच आठवड्यात चष्म्याचं दुकान गाठतो. ऐकू कमी यायला लागलं की तो टीव्हीचा आवाज वाढवतो, घरच्यांवर चिडतो, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरतो आणि अशी काही वर्षं जाऊ देतो. आजच्या व्याख्यानाचा विषय ही वाया जाणारी वर्षं आहेत.

आधी तपासणी म्हणजे काय, ते पाहू. कान-नाक-घशाचे डॉक्टर कानाच्या रोगावर उपचार करतात. ऐकण्याची मोजणी करतो तो श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट. तो एमबीबीएस डॉक्टर नसतो, पण साधा तंत्रज्ञही नसतो. वाचा आणि श्रवण या विषयांतली चार वर्षांची पदवी, त्यात एक वर्षाची इंटर्नशिप, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, अशी त्याची तयारी असते. मुंबईच्या नायर रुग्णालयात या विषयाचं शिक्षण १९६६ मध्ये सुरू झालं. देशातल्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमांपैकी तो एक.

सुरुवातीला कानात प्रकाश टाकून आत पाहतात. मळ साठला असेल तर तो आधी काढावा लागतो, नाहीतर पुढची सगळी मोजणी चुकते. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कानात बुरशीही होते. खाज सुटते, दडे बसतात, आणि घरोघरी उपाय ठरलेला असतो : लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात. ही सवय आता सोडायला हवी. पडद्याला छिद्र असेल तर तेच तेल थेट मधल्या कानात उतरतं, आणि छिद्र आहे की नाही हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

त्यानंतर ध्वनिरोधक खोली. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बारीक ‘टूऽ टूऽ’ असा आवाज येतो. अगदी पुसटसा ऐकू आला तरी बटण दाबायचं. आवाज हळूहळू लहान करत नेतात आणि ज्या पातळीवर तो जेमतेम ऐकू येतो ती कागदावर नोंदवतात. मग वेगळा सूर, पुन्हा तेच. २५० हर्ट्झच्या जाड, खोल सुरापासून ८००० हर्ट्झच्या किनऱ्या सुरापर्यंत. उजव्या कानाच्या खुणा लाल वर्तुळांनी, डाव्या कानाच्या निळ्या फुल्यांनी. जगात कुठेही गेलात तरी हे रंग आणि या खुणा सहसा त्याच. अर्ध्या तासाच्या आत संपणारी, सुई नसलेली, दुखणं नसलेली ही तपासणी. तिच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात.

आलेखावरचं शून्य म्हणजे नीरव शांतता नव्हे. निरोगी तरुण कानाला जो आवाज जेमतेम ऐकू येतो, तो शून्य डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत २० डेसिबलच्या आत ऐकणारा कान चांगला, २० ते ३५ मध्ये सौम्य दोष, ३५ ते ५० मध्ये मध्यम, आणि तिथून पुढे तीव्र होत जाणाऱ्या पायऱ्या. साधं बोलणं साठच्या आसपास असतं. ५० डेसिबलपर्यंत खाली गेलेला माणूस समोरासमोर बोलताना निभावून नेतो, म्हणून घरच्यांना वाटतं, यांना पाहिजे ते बरोबर ऐकू येतं. हा आरोप बहुतेक वेळा खोटा असतो.

हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक ठेवतात आणि तेच सूर पुन्हा ऐकवतात. या वेळी आवाज बाहेरचा कान आणि मधला कान टाळून हाडातून सरळ आतल्या कानापर्यंत जातो. हाडातून नीट ऐकू येतं, हवेतून येत नाही, असं निघालं तर अडथळा वाटेत आहे : मळ, फाटलेला पडदा, साठलेलं पाणी, आखडलेली हाडं. त्यातलं बरंचसं औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतं. दोन्हींतून सारखंच कमी येत असेल तर दोष आतल्या कानात किंवा नसेत आहे. उपचाराची सगळी दिशा इथे ठरते. म्हणून हाडाची चाचणी न करता कोणी ऐकण्याचं मशीन गळ्यात घालत असेल, तर तिथून उठून यावं.

आतल्या कानात अडीच वेटोळ्यांच्या शंखासारख्या नळीत सूक्ष्म केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. हवेतला आवाज तिथे विजेच्या संदेशात बदलतो. या नळीत लाट कशी धावते हे शोधल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेसी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नळीच्या तोंडाशी असलेल्या, किनरे सूर टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात.

वसईतल्या कितीतरी घरांतलं कोडं इथे सुटतं. आजोबांना चर्चची घंटा ऐकू येते, देवळातला ढोल ऐकू येतो, लोकलचा खडखडाट ऐकू येतो. नातू काय म्हणाला ते मात्र कळत नाही. तपासणीला येणाऱ्या वयस्कांचं गाऱ्हाणं बहुधा एकाच वाक्यात असतं, ‘ऐकू येतं, पण समजत नाही.’ ते अक्षरशः खरं आहे. आपल्या बोलण्यातले स्वर जाड सुरांत असतात, ते टिकतात. स, श, च, फ, ख ही व्यंजनं किनऱ्या सुरांत असतात, ती गळून पडतात. ‘पाच’ आणि ‘सात’ यांच्यातून व्यंजनं काढली तर उरतो एकच ‘आ’. ‘सहा’ की ‘दहा’ हेही तसंच. बाजारात भाव ऐकताना, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या मोजताना हा गोंधळ होतो. आणि समोरचा ओरडून बोलला की स्वरच मोठे होतात, व्यंजनं फारशी वाढत नाहीत. तोंडासमोर येऊन, जरा सावकाश बोललं तर जास्त समजतं.

म्हणून सुरांच्या चाचणीबरोबर शब्दांची चाचणीही मागावी. तीत ठरावीक शब्द ऐकवतात आणि माणसाने ते परत म्हणायचे असतात. हे शब्द त्याच्या स्वतःच्या भाषेतले हवेत. आपल्याकडे हा मुद्दा किरकोळ नाही. इथे वाडवळी आहे, सामवेदी आणि कुपारी समाजांची कादोडी आहे, आगरी, कोळी, वारली आहे. नालासोपाऱ्यात हिंदी, गुजराती, भोजपुरी आहे. जी आजी आयुष्यभर घरात कादोडीच बोलली तिला अनोळखी पुस्तकी शब्द ऐकवले, तर चूक कानाची की शब्दाची हे ठरणार नाही. तपासणीला जाताना घरात कोणती बोली चालते, हे आपणहून सांगावं.

कमी ऐकण्याचा भार मेंदूवरही पडतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यांत मध्यम वयापासूनचं कमी ऐकणं ठळकपणे आहे. मशीन लावलं की विसरभोळेपणा थांबतो, असा अर्थ मात्र काढू नये. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत धोका जास्त असलेल्या वृद्धांना फायदा दिसला, सरसकट सगळ्यांना नाही.

आता लहान मुलांकडे वळू, कारण तिथे उशीर सर्वांत महाग पडतो. जन्मजात कमी ऐकणारी मुलं हजारात एक ते तीन अशी जगभर आढळतात. बाळ ऐकतं की नाही हे पाहायला घरात टाळी वाजवतात, थाळी वाजवतात. ते दचकलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ही तपासणी नव्हे. थाळीचा आवाज इतका मोठा असतो की बरंच कमी ऐकणारं मूलही त्याला दचकतं, आणि काही वेळा ते आवाजाला दचकतच नाही, हाताची हालचाल पाहून वळतं. खरी चाचणी झोपलेल्या बाळावर होते. निरोगी आतला कान आवाजाला प्रतिसाद म्हणून स्वतः एक अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं. कानात मऊ टोपण ठेवून तो परतीचा आवाज टिपतात. ही ओएई चाचणी, काही मिनिटांची. तीत शंका आली तर बेरा. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवून, आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का, ते पाहतात. जगभरचे तज्ज्ञ वेळापत्रक सांगतात ते असं : पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात. कमी वजनाची बाळं, अतिदक्षता विभागात राहिलेली, तीव्र कावीळ झालेली, नात्यातल्या लग्नातून झालेली, गरोदरपणात आईला रुबेला झालेला असलेली, यांच्या बाबतीत तर एक दिवसही घालवू नये. रुबेलाची लस महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवरच्या लसीबरोबर मोहीम काढून दिली गेली. बहिरेपण रोखणारी लस म्हणून तिच्याकडे पाहणारे पालक अजून कमीच आहेत.

मुंबईत लिओ म्यूरिन या बिशपांनी १८८५ मध्ये कर्णबधिर मुलांची शाळा काढली, तेव्हा ऐकणं आकड्यांत मोजण्याचं भरवशाचं यंत्रही दवाखान्यांत नव्हतं. ऑडिओमीटर बाजारात आला १९२० च्या दशकात. त्या काळच्या मुलांना लहानपणी निदान मिळणं शक्यच नव्हतं. आजच्या मुलाला ते मिळत नसेल तर कारण वेगळं आहे. केंद्राच्या एडिप योजनेत जन्मजात बहिऱ्या लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राची, तरतूद आहे, आणि त्यासाठीची मध्यवर्ती संस्था वांद्र्याला आहे. पण मूल पाचाच्या आत यावं लागतं. मुंबईत शेकडो मुलांवर ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. अशी माणसं लोकलच्या अंतरावर असताना मूल सहाव्या वर्षी पहिल्यांदा तपासणीला जातं, ही खेदाची गोष्ट आहे. आणि ज्या कुटुंबाला इम्प्लांट नको असेल किंवा जमत नसेल, त्याच्यासाठी खुणांची भाषा आहे. ती पूर्ण भाषा आहे. तिची सुरुवातही लवकरच व्हायला हवी. त्यासाठीही निदान आधी लागतं.

औषधोपचार सुरू असतानाही कान का तपासावे लागतात, याचं मुंबईतलं एक उदाहरण सर्वांना माहीत असलं पाहिजे. पत्रकार आणि भरतनाट्यम नर्तिका नंदिता व्यंकटेशन यांना आतड्याचा क्षयरोग झाला होता. उपचारात दिलेल्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने २०१३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांचं ऐकणं गेलं. क्षयरोगावरची कॅनामायसिनसारखी जुनी इंजेक्शनं आतल्या कानाच्या केसपेशी मारतात. उपचार सुरू असताना ठरावीक अंतराने ऑडिओग्राम काढला तर ही हानी किनऱ्या सुरांत आधी दिसते, बोलणं ऐकू येणं बंद होण्यापूर्वी. तेव्हा औषध बदलायला वेळ असतो. नंदिता गप्प बसल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले, ज्यांनी ऐकणं तसंच गमावलं होतं, त्यांच्यासह त्यांनी २०१९ मध्ये बेडाक्विलीन या क्षयरोगावरच्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याला आव्हान दिलं आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. इंजेक्शनांऐवजी गोळ्यांनी उपचार व्हावेत, यासाठीची ती लढाई होती. आपल्या शहरात क्षयरोगाचे रुग्ण आहेत. ज्यांना अशी इंजेक्शनं सुचवली जातील त्यांनी पहिल्या इंजेक्शनाआधी ऑडिओग्राम मागावा. सकाळी उठल्यावर अचानक एका कानाने ऐकू न येणं, हेही तातडीचं दुखणं आहे. मळ असेल म्हणून आठवडा काढू नये. तीन दिवसांच्या आत कानाच्या डॉक्टरांकडे पोचावं, कारण औषधाचा उपयोग सुरुवातीलाच होतो.

आता आवाजाने होणारी हानी पाहायला वसईच्या पूर्वेकडे जाऊ. वालीव, गोखिवरे, सातिवली इथल्या औद्योगिक गाळ्यांत पॉवर प्रेस दिवसभर आपटतात, ग्राइंडर ओरडतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आवाजाने आलेला बहिरेपणा सरकारला कळवण्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत घातला होता. पण कितीतरी गाळे कामगारसंख्या कमी म्हणून कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. तज्ज्ञांचं गणित असं : ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित धरला, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. आवाजाने बाधलेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. पंचविशीतल्या कामगाराच्या कागदावर तो खड्डा दिसला तर इअर मफ घालून पुढची तीस वर्षं वाचवता येतात. पन्नाशीत दिसला तर फक्त नोंद होते. अर्नाळ्याचे आणि पाचूबंदरचे खलाशी डिझेल इंजिनाच्या शेजारी रात्री काढतात. त्यांचीही तपासणी याच यादीत यावी. कामगारांनी एक पथ्य पाळावं : तपासणीच्या आधी रात्रभर, शक्यतो सोळा तास, कान शांत ठेवावेत, कारण पाळी संपवून थेट गेलं तर तात्पुरता बधिरपणाही मोजला जातो.

हळदीच्या रात्रीचा डीजे, बँजो पार्टी, मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती यांनाही १०० डेसिबलचा आकडा जड नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. सण आणि लग्नं आपल्याला हवीच आहेत. स्पीकरच्या समोर पाळणा ठेवणं आणि लहान पोरांना खांद्यावर घेऊन भिंतीपुढे नाचणं मात्र थांबवलं पाहिजे; त्यासाठी न्यायालयाची वाट पाहायचं कारण नाही.

तपासणीला जायचं कुठे? वसई-विरारमध्ये कान-नाक-घशाचे दवाखाने आणि श्रवणतज्ज्ञ आहेत. त्याशिवाय आपल्या रेल्वेमार्गानेच सोय करून ठेवली आहे. विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली, आणि आज त्याच मार्गावर वांद्र्याला उतरून रेक्लमेशनला गेलं की अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ पासून. महाराष्ट्राच्या राज्यपालपदावर असताना १९७६ मध्ये निधन पावलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला आहे. मुंबई सेंट्रलला उतरलं की नायर रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर.

‘मोफत तपासणी’चे फलक लावलेल्या मशीनच्या दुकानांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. काही ठिकाणी नोंदणी असलेले तज्ज्ञ बसतात, काही ठिकाणी फक्त विक्रेता. तपासणाऱ्याचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. खोली ध्वनिरोधक आहे का, ते पाहावं. ऑडिओग्रामची प्रत हातात घ्यावी आणि त्याच दिवशी मशीन विकत घेऊ नये. मशीन प्रत्येक कानाच्या आलेखाप्रमाणे जुळवावं लागतं आणि सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज कर्कश वाटला म्हणून ते कपाटात टाकणारे पुष्कळ आहेत. पुन्हा जाऊन जुळवून घेणं हा तज्ज्ञाच्या कामाचाच भाग आहे, त्यात संकोच नको. दोष जास्त असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार आहे : दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष म्हणजे कमी ऐकू येणारी व्यक्ती, ७० च्या पुढे बहिरी व्यक्ती. प्रमाणपत्राच्या मंडळापुढे पुन्हा तपासणी होते, तरी जुना ऑडिओग्राम जवळ असलेला बरा.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की पन्नाशीनंतर दर पाच वर्षांनी आणि पासष्टीनंतर दर एक ते तीन वर्षांनी कान तपासावेत. या सभागृहातल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने येत्या महिन्यात आपला पहिला ऑडिओग्राम काढून घ्यावा. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर त्याची ओएई झाली आहे का, हे आज रात्रीच सुनेला किंवा लेकीला विचारावं; झाली नसेल तर उद्या प्रसूती झाली त्या रुग्णालयाला फोन करावा.